भेगेत सोडलेलं पाणी

स्वयंपाकघराच्या भिंतीतून फेस येत होता. धाकट्या सुनेने बोट लावून वास घेतला. साबण, आंबलेलं खरकटं आणि त्याच्याखाली मोरीचा तो ओळखू येणारा दर्प. भिंतीच्या पलीकडच्या अंगाला सासूबाईंची खाट होती. तिथे चादरीचा कोपरा ओला झाला होता.

"ओल असेल," नवरा म्हणाला. त्याच्या मते जगातली निम्मी दुखणी ओलीमुळे होत आणि उरलेली बोलण्यामुळे.

धाकटी चप्पल अडकवून तडक उतार चढली. वर थोरल्या दिराचं घर. मधली जमीन चिकणमातीची, उन्हाने अशी तडकलेली की भेगेत कोपरापर्यंत हात जावा. सगळ्यात मोठी भेग थोरल्याच्या अंगणाच्या कडेने कोयत्यासारखी वाकून गेली होती. तिच्या खालच्या अंगाची जमीन बोटभर खचली होती. आणि त्या भेगेत, आजाऱ्याच्या तोंडात नळी खुपसावी तसा, थोरल्याच्या मोरीचा पाइप खुपसलेला.

थोरला अंगणातच होता. तो ओशाळेल असं तिला वाटलं होतं. तो तर खुलला.

"ये, गंमत बघ!" त्याने बादली उपडी केली. गुडगुड आवाज झाला आणि पाणी गडप. "थेंब वर राहत नाही. लोक गटारं खणत बसतात. अक्कल लागते."

"भाऊजी, ते माझ्या स्वयंपाकघरात निघतंय."

"छे! जमीन पिते ते."

"मुरलं असतं तर पिते म्हटलं असतं. हे सरळ आत पडतंय. घरामागची माती चमच्याने निघतेय, लोण्यासारखी. दार चौकटीत बसत नाही. उतार सुटायला लागलाय."

"काहीतरीच! उलट भेग मिटत चाललीय." त्याने भिजून फुगलेल्या कडा अंगठ्याने दाबून दाखवल्या.

"वरून कातडी जुळलीय. आत पू तसाच आहे. पाइप काढा, भाऊजी. आईंच्या उशाशी तुमच्या आंघोळीचं पाणी येतंय."

थोरला हसला. "आईला आता कुठे काय कळतंय!"

मागोमाग आलेला नवरा जमिनीकडे बघत उभा होता. "दादा बघतो म्हणतोय ना," तो पुटपुटला. दादा तसं काहीच म्हणाला नव्हता.

धाकटी तिथूनच वळली. ती खाली उतरली. सासूबाईंना उठवून त्यांचं अंग पुसलं, कोरडे कपडे घातले, आणि त्याच दुपारी गावाच्या दुसऱ्या टोकाला मैत्रिणीच्या रिकाम्या खोलीत बिऱ्हाड हलवलं.

"चार लोक काय म्हणतील?" नवऱ्याने विचारलं.

"जिवंत आहेत म्हणतील."

पुढे पाऊस लागला, तो उसंत घेईना. एका सकाळी उतार सुटला. फार आवाजही झाला नाही. ओला लगदा ताटातून घसरावा तशी जमीन घसरली आणि धाकटीचं अख्खं घर घेऊन ओढ्यात जाऊन पडली. भेगेच्या वरचं थोरल्याचं घर जसंच्या तसं उभं.

धाकटी आणि नवरा धापा टाकत वर पोचले तेव्हा थोरला छत्री धरून कडेशी उभा होता. खाली चिखलातून छपराचं एक टोक तेवढं दिसत होतं. आता तरी हा आईचं विचारेल, असं धाकटीला वाटलं.

"पाइप गेला की रे," तो भावाला म्हणाला. "आता आमचं पाणी सोडायचं कुठे?"

नवऱ्याने चिखलात रुतलेला पाय उपसून काढला.

"बघू ना, दादा. आमची जागा आता रिकामीच आहे."