न मिटलेल्या तीन खुणा

पान प्रकाशित करून चहाचा पहिला घोट घेताना शर्वाणीला चूक दिसली.

मार्कडाउन या साध्या खुणांच्या पद्धतीत तिने लिहिलेली सूचनांची पानं वाचूनच आता रुग्णालयातली श्वसनयंत्रं चालायची. तीन बॅकटिकांच्या, म्हणजे ``` अशा तिरक्या टिंबांच्या, दोन ओळींमध्ये जे असेल ती यंत्राला आज्ञा, बाहेरचं सगळं माणसांसाठी. आज तिने वरचे तीन टाकले होते, खालचे विसरली होती. म्हणजे तिथून शेवटपर्यंत सगळी आज्ञाच.

अठ्ठेचाळिसाव्या ओळीवर मथळा होता, '# हे कधीही करू नका'. आज्ञेतली हॅशने सुरू होणारी ओळ यंत्र सोडून देतं. त्याखालची ओळ ते वाचणार होतं: 'रुग्ण जोडलेला असताना हवा बंद करा'.

तिने पान दुरुस्त केलं. पण हातातलं पान संपवल्याशिवाय यंत्र नवं उघडत नाही, आणि सातव्या खाटेवर तिचे बाबा होते. तिने वॉर्डात फोन लावला.

"सिस्टर, सात नंबरचं यंत्र कितव्या ओळीवर आहे?"

"त्रेचाळीस. चव्वेचाळीस झाली बघा."

"ते काढा, हाताने हवा द्या. पान चुकलंय. मीच लिहिलंय ते."

सिस्टरांनी पडद्यावरचं पान वर सरकवलं.

"मॅडम, तुम्हीच वर ठळक अक्षरांत लिहिलंय, पान पूर्ण होईपर्यंत यंत्राला हात लावायचा नाही. नातेवाइकांनी सांगितलं तरी." मग त्या मायेने म्हणाल्या, "घाबरू नका. सेहेचाळीस झाली. सगळं लिहिल्याप्रमाणेच चाललंय."