ताईची सोबत

साखरबाईने चहाचा कप खाली ठेवला न ठेवला, तोच ताईने विचारलं, "पोरीची कागदपत्रं कोणाजवळ राहणार?"

"मालकिणीजवळ. हरवायला नकोत म्हणून," बाई म्हणाली.

"आणि झोपायच्या खोलीची कडी? आतून की बाहेरून?"

बाई हसली, पण ओठांपुरतंच. गरिबांच्या पोरी शहरात घरकामाला लावून देणं हा तिचा धंदा. बोलणं इतकं गोड, की वस्तीनेच तिला साखरबाई करून टाकलं होतं.

धाकटी दाराआडून ऐकत होती. प्रश्न तिच्याच जाण्याचा होता. बाप बांधकामावर परांचीवरून पडून अंथरुणाला खिळला, तेव्हा ठेकेदाराने सरळ हात वर केले. आई चार घरची भांडी घासून कशीबशी चूल पेटती ठेवायची. त्या घरांतल्या मुली धाकटीच्याच वयाच्या, त्यांना शाळेसाठी उठवायलासुद्धा माणूस ठेवलेला. धाकटीची शाळा केव्हाच सुटली होती. साखरबाईने आगाऊ पैशांचं नाव काढलं आणि आईने मान डोलावली. नेमकी त्याच संध्याकाळी ताई दारात उभी राहिली.

तीन वर्षांनी आली होती. शिवणकामाच्या कारखान्यात सुट्टीच मिळत नाही म्हणायची. पार वाळली होती, बोटांची टोकं सोलवटली होती. धाकटीने विचारलं तर म्हणाली, साबण सोसत नाही.

तिने साखरबाईला असं फैलावर घेतलं, की बाईला पळता भुई थोडी झाली. गेल्या साली नेलेल्या शेजारच्या पोरीशी आत्ताच्या आत्ता फोनवर बोलणं करून द्या, म्हणाली. बाईने पर्स उचलली आणि काढता पाय घेतला.

आईला रडू कोसळलं. पोटच्या पोरीला आगीत लोटायला निघाले होते मी, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. पण उद्या खायचं काय, हा प्रश्न काही साखरबाईबरोबर गेला नव्हता. शेवटी बापानेच तो पडल्या पडल्या काढला.

"मी नेते हिला," ताई खालमानेने म्हणाली. "माझ्याच कारखान्यात. माझ्या डोळ्यांसमोर राहील."

धाकटीला आभाळ ठेंगणं झालं. निघताना ताईने आपले कपडे घरीच ठेवले. लवकरच परत यायचंय, उगाच ओझं कशाला, म्हणाली. आईने ते घडी घालून फळीवर ठेवले.

बसमध्ये ताई खिडकीकडे तोंड करून रडत होती. आईबापाला सोडणं जड जात असेल, असं वाटून धाकटीने तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. ताईने ते दूर केलं नाही, पण तिला जवळही घेतलं नाही.

फाटकातून आत शिरताच माशांचा उग्र वास आला. शिलाई मशीन एकही दिसेना. लांबलचक ओट्यांपाशी बायका मान खाली घालून कोळंबी सोलत होत्या. धाकटी काही विचारणार, तोच मुकादम समोर आला. ताईने तिचा हात सोडला आणि पाठीला हात लावून तिला पुढे सरकवलं.

"माझ्या बदली हिला आणलीय," ती म्हणाली. "आता मला जाऊ द्या."