नावावर भरलेले ठोके

वाळूजच्या कारखान्यात एआय कामगारांच्या हृदयाचे ठोके ऐकून आजार ओळखणार होतं. काम थांबू नये म्हणून सुपरवायझर विश्वजितने प्रत्येकाच्या नावावर स्वतःचेच ठोके भरले. सगळे निरोगी ठरले. महिन्याभरात सांडू हा कामगार मशीनवरच कोसळून गेला.

त्याची बायको द्वारकाबाई जाब विचारायला आली, तेव्हा मी, कारखान्याची डॉक्टर, रागाने विश्वजितच्याच छातीवर एआयचा स्टेथोस्कोप दाबला.

पडद्यावर आलं, 'हृदयाची झडप निकामी.'

"मॅडम, तुमचं यंत्र येडं झालं," तो हसला.

द्वारकाबाईने इयरफोन कानाला लावला. ती बराच वेळ ऐकत राहिली.

"आमच्या ह्यांचंच काळीज हाय. असंच अडखळायचं रातभर," ती म्हणाली.

मग तिने विश्वजितची कॉलर पकडली आणि शर्टाचं पहिलं बटण तोडलं.

"दे इकडं."