रिकामा कोपरा

"सुनंदाबाई, किल्ला धोब्याकडे टाकला होता का? इतका फिका!" भालचंद्र खदखदून हसला.

सुनंदाने मानही वर केली नाही. "लांबचं फिकं, जवळचं गडद. तुमचं तर झाडही काळं नि किल्लाही काळा. कागदानं तवा पुसलात का?"

फूलबागेत दोघं पाठीला पाठ लावून, मधूनच एकमेकांच्या कागदात डोकावत बसलेले. सरकारी चित्रशाखेत चित्रकार दोन, आणि ग्वाल्हेरात जागा उरणार एकच. मध्य भारत राज्य मोडून मध्य प्रदेश होत होता, दफ्तरं धडाधड भोपाळला चालली होती. जयसिंहराव साहेब आज चित्रं बघून निकाल देणार. जिंकेल तो इथं राहील, भालचंद्रनं धरूनच ठेवलेलं. दौलतगंजातलं घर नुकतंच रंगवलेलं, दिवाळीनंतर लग्न. ग्वाल्हेर सोडायचं? सवालच नाही!

"तुमचे मामा दफ्तरात ना? काही बोलले?"

"मामा दिवसभर खोकी बांधून राहिलेत. बोलायला फुरसत कुठं?" असं म्हणून ती पाणी प्यायला उठली.

भालचंद्रनं वाकून तिचा कागद नीट पाहिला. यापुढं आपलं चित्र कुठंच नाही! पुढं गडद कडुनिंब, वळत गेलेली वाट, आणि लांब धुक्यात तरंगणारा किल्ला. खाली उजवा कोपरा तेवढा कोरा. आणि सही? सहीच नाही!

साहेबांचा नियम होता, आधी सही, मग रेघ. नियमाची एवढी पक्की बाई आज नेमकी विसरली! त्यानं त्या कोपऱ्यात झटकन आपली सही ठोकली. स्वतःचा कागद गुंडाळून पिशवीत, तिचा आपल्या फळीवर उपडा.

ती परत आली. "माझा कागद?"

"हवेनं उडाला असेल. जा, उधर देखो, कारंज्याकडे."

तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर जळून गेला असता. मग नवा कागद घेतला नि काहीतरी खरडलं.

साहेब आले. "वाह, भालचंद्र! नजर वाटेवरून थेट किल्ल्यावर जाते. असा हात नव्या राजधानीतच हवा. परवा भोपाळला हजर व्हा, कायमचे. सुनंदाबाई, तुम्ही इथलं सांभाळा."

"साहेब, ते चित्र..." भालचंद्र घाईनं पुढं झाला.

"का? तुमचं नाही?"

सही समोरच होती. "माझंच," भालचंद्र कसाबसा म्हणाला.

साहेब गेले. सुनंदानं पेन्सिली डबीत भरल्या.

"मामांना काल फुरसत मिळाली होती; म्हणाले, जिंकेल तो भोपाळला. तो कोपरा मुद्दाम कोरा ठेवला होता, भालचंद्रराव. म्हटलं, तुमची सही उठून दिसावी."