झाडांना कोण सांगणार

"अनंत दे," थोआ आजी रोपवाल्याला म्हणाली. "पांढराशुभ्र. दुसरं काही दाखवू नकोस."

लुआ सासूकडे बघतच राहिली. विहिरीजवळच्या त्या कोपऱ्यासाठी म्हातारीनं उन्हाळाभर लाल बोगनवेलीचा धोशा लावला होता. पांढरं फूल सुतकाचं, ते दारात नको म्हणून मागे मोगऱ्याची कुंडीसुद्धा परसात हलवायला लावली होती.

"आई, तेतचा सण दोन महिन्यांवर आलाय. नव्या वर्षाला लाल नको का?"

"नको."

रोपवाला हसला. "आजी, याला नीट बहर यायला दोन वर्षं जातील. थांबाल ना तोवर?"

"तू रोप दे. माझी वर्षं मोजायला तुला बोलावलं नाही."

खड्डा त्यालाच खणावा लागला. लुआला सातवा महिना होता, आणि सासू तिला कुदळीच्या जवळही फिरकू देत नव्हती.

बाकीची बाग हिएननं लावलेली. लुआचा नवरा मालवाहू जहाजावर खलाशी होता. सुट्टीत घरी आला की एखादं झाड लावून जायचा. पीच, तामण, चाफा, आणखी काय काय. आठ वर्षांत अकरा झाली होती. फोनवर बायकोच्या आधी झाडांची चौकशी. लुआ त्यावरून त्याला चिडवायची.

चाळीस दिवसांपूर्वी फोन आला तो कंपनीच्या साहेबाचा. वादळात हिएन समुद्रात पडला होता. प्रेत मिळालं नव्हतं.

लुआ उशीत तोंड खुपसून रडली, मग तोंड धुऊन तिनं सासूला जेवायला वाढलं. म्हातारीचं हृदय पार थकलं होतं. एखादा धक्का बसला तर काही खरं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. हिएनचं जहाज लांबच्या फेरीवर गेलंय, तिथून फोन लागत नाही, असं लुआनं सांगून टाकलं.

पहिले दोन आठवडे म्हातारी रोज विचारायची. मग तिनं विचारणंच सोडलं. लुआला हायसं वाटलं, आणि रागही आला. पोटच्या पोराला आई इतक्या लवकर विसरते?

राहता राहिली झाडं. माणूस गेला की त्यानं लावलेल्या झाडांना गावात पांढऱ्या कापडाची पट्टी बांधत. झाडांनाही सुतक असतं. मालक गेल्याचं कुणी कळवलं नाही, तर ती झुरून मरतात. लुआ चार बुकं शिकलेली, तिला पूर्वी याचं हसू यायचं. पण परवा चाफ्याचे शेंडे करपलेले दिसले, तेव्हा मात्र तिला हसू आलं नाही. हिएनचं एवढंच तर उरलं होतं. पट्ट्या बांधाव्यात, तर म्हातारी दिवसभर खिडकीत बसलेली.

पीचची पानं खुडायचे दिवस आले. आता खुडली तरच सणाला फुलं येतात.

"यंदा राहू दे," सासू म्हणाली.

"फुलं नकोत, आई?"

"तू वाकू नकोस. पुढच्या वर्षी बघू."

पौर्णिमेला म्हातारी सकाळीच पॅगोडात गेली. लुआनं उशीचा अभ्रा फाडून अकरा अरुंद पट्ट्या केल्या, कोटाच्या खिशात कोंबल्या आणि बुरबुर पावसात अंगणात उतरली. पट्ट्या बुंध्याच्या अगदी तळाशी, गवताच्या आत बांधायच्या, म्हणजे खिडकीतून दिसणार नाहीत.

पीचपाशी ती कशीबशी गुडघ्यांवर बसली.

"गेला रे तो," ती झाडाला म्हणाली. "तुझा मालक गेला."

इतक्या दिवसांत हे शब्द तिनं पहिल्यांदाच तोंडातून काढले होते. तिला रडू आवरेना. तशीच तिनं ओलं गवत बाजूला केलं.

बुंध्याला पट्टी होती. चिखलानं मळलेली, गाठ पावसात भिजून घट्ट झालेली. ती रांगत चाफ्यापाशी गेली. चाफ्यालाही होती. तामणालाही.

शेजारची न्हुंग काकी जास्वंदीच्या कुंपणातून वाट काढत धावत आली आणि मटकन तिच्याजवळ बसली.

"पाहिलंस ना अखेर! तरी मी म्हणत होते, हे लपायचं नाही." तिनं लुआला कवेत घेतलं. "तू तपासणीला गेली होतीस त्या दिवशी कंपनीचं पत्र आलं गं. मीच तुझ्या सासूला वाचून दाखवलं. पट्ट्या बांधायलाही मीच वाकले. रड पोरी, पोटभर रड, पण ती यायच्या आत डोळे पूस. रोज माझ्याकडे येऊन रडते बिचारी, आणि जाताना हात जोडून बजावते, 'माझ्या सुनेची सुटका होईपर्यंत तिला यातलं अक्षर कळू देऊ नकोस, तिला धक्का सोसायचा नाही.'"