आडवी मांडणी

"बारापैकी बारा," तपासनीस बाई फोनवर म्हणाल्या. "एकाही मुलाने 'सुरू'चा ठोकळा लावलेला नाही."

"लावलाय, मॅडम. बाराच्या बारा फायली मी स्वतः उघडून बघितल्या." प्रोग्रामरचा आवाज चढला होता.

"मग फाइल जतन होताना तो आपोआप घुसत असणार. मी मुलांच्या शेजारी बसून बघते. पडद्यावर तो नसतो."

"तुमचा आडव्या मांडणीशी उभा दावाच आहे."

बाई हसल्या नाहीत. हा विनोद ऑफिसात आता शिळा झाला होता.

पडद्यावर एक बेडूक होता. मुलांनी हुकमांचे ठोकळे एकमेकांना जोडायचे आणि त्याला हलवायचं, असा तो खेळ. इतकी वर्षं ठोकळे एकाखाली एक लागायचे. वाचायला नुकत्याच लागलेल्या मुलांना ते ओळीसारखे, डावीकडून उजवीकडे लावता आले तर सोपं जाईल, असं प्रोग्रामरच्या डोक्यात आलं आणि त्याने दोन वर्षं त्यात घातली. ऑफिसने त्याचं नाव आडवेराव ठेवलं. आता उभी आणि आडवी असे दोन्ही पर्याय मुलांना द्यायचे, की आडवी काढून टाकायची, हे बाईंच्या अहवालावर ठरणार होतं. अहवाल आज दुपारी बाराच्या आत द्यायचा होता. नकार आला की दोन वर्षांचं काम कपाटात जाणार.

"आणखी एक मूल तपासते," बाई म्हणाल्या. "पावणेअकराला. तुम्हीही या. पण मूल काम करत असताना मोठ्यांनी तोंड उघडायचं नाही. तुम्ही तर नाहीच नाही."

"तोंडाला कुलूप लावून येतो. पण मॅडम, एक सांगू? काम पटलं नाही तर खुशाल नाही म्हणा. रोज जिन्यात गुड मॉर्निंग म्हणतो, त्याला तरी उत्तर देत जा."

बाईंना नवल वाटलं. महिन्याभरात हा माणूस त्यांना जिन्यात एकदाही भेटला नव्हता. रागावलेली माणसं काहीही बोलतात. त्यांनी फोन ठेवला.

तेरावं मूल म्हणजे त्यांची भाची. वय वर्षं सहा. शाळेला सुट्टी होती म्हणून बहिणीने तिला आणून सोडलं होतं. तिचा हात धरून चाचणीच्या खोलीत शिरताना बाईंचा डावा खांदा चौकटीवर आपटला. कालही तिथेच आपटला होता.

"मावशी, दार हलतं का गं?"

"अरुंद केलंय मेलं. बस तू."

आधी उभी मांडणी. पडद्याच्या उजव्या कडेला ठोकळ्यांची चळत चढली. सर्वांत वर हिरवा 'सुरू', त्याखाली तीन उड्या, मग 'वळ', मग 'बस'. बेडकाने तीन उड्या मारल्या, वळला आणि बसला. बाईंनी नोंद केली : चार मिनिटं, चूक नाही.

उजवीकडच्या भिंतीवरच्या घड्याळात अकराला पाच कमी होते. आवाज चढवणारी माणसं वेळेवर येतातच असं नाही. 'प्रोग्रामर गैरहजर,' त्यांनी वहीत लिहिलं. त्या कोणाबद्दलही खोटं लिहीत नसत आणि कोणासाठी थांबतही नसत.

"आता आडवी."

भाचीने मान वर केली, मावशीच्या पलीकडे बघितलं आणि ती हसली.

"इकडेतिकडे बघायचं नाही. खिडकी कुठे पळून जात नाही."

भाची जीभ दातांत धरून कामाला लागली. खोलीत ठोकळे जुळल्याचे बारीक आवाज तेवढे येत होते.

"झालं!"

बाईंनी पडद्याकडे बघितलं. तीन उड्या, वळ, बस. पहिला ठोकळा नव्हता. तेरापैकी तेरा.

"सगळ्यांत आधी कुठला ठोकळा लागतो?" त्यांनी हळूच विचारलं.

"सुरू."

"मग तो राहिला का?"

"लावलाय की."

"कुठे?"

"हा काय!" भाची खिदळली. "मावशी, तू वेडी झालीस का?"

"आता मस्करी नको हं. चालवून दाखव."

बेडकाने उड्या मारल्या, वळला, बसला. हाच तो दोष होता. सुरुवात केल्याशिवायच काम होतं, हा पहिलाच धडा मुलं चुकीचा शिकणार. बाईंना क्षणभर वाईट वाटलं. कागदावर ही कल्पना त्यांनाही आवडली होती. पण तेरा मुलं म्हणजे काही योगायोग नाही. त्यांनी अहवाल पुढे ओढला, 'आडवी मांडणी वगळावी' असं लिहिलं आणि खाली सही केली.

भाची खुर्चीवरून उतरली.

"अगं, तू तिकडे बघतच नाहीयेस!"

तिने मावशीचा चेहरा दोन्ही तळव्यांत धरला आणि डावीकडे वळवला. आणखी वळवला. हनुवटी खांद्याला लागेपर्यंत वळवला.

ओळीच्या सुरुवातीला, जिथे असायला हवा तिथेच, हिरवा ठोकळा होता. सुरू. आणि पडद्याच्या कडेपासून हातभर अंतरावर, हात मागे बांधून, प्रोग्रामर उभा होता.

"तुम्ही कधी आलात?" बाईंनी विचारलं.

त्याने सहीकडे बघितलं, मग त्यांच्या डोळ्यांकडे. त्याच्या चेहऱ्यावर आता राग उरला नव्हता.

"पावणेअकराला," तो हळू आवाजात म्हणाला. "तुम्ही बसा म्हणाला नाहीत, म्हणून उभाच राहिलो."