समुद्र दिसणारं घर

साहेबांनी बोटांची पेरं भिंतीवर आपटून पाहिली आणि तोंड वाकडं केलं.

"पोकळ वाजतंय," ते म्हणाले.

भिंत की तुम्ही, असं त्यांच्या बायकोच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं. संसारात असं इतकं गिळून झालं होतं, की आता त्याची चवही लागत नव्हती.

साहेब निवृत्त झाले होते, पण साहेबपण काही उतरलं नव्हतं. उरलेलं आयुष्य समुद्राकाठी काढायचं हे त्यांनीच ठरवलं होतं, गावही त्यांनीच निवडलं होतं. सकाळपासून दोन घरं त्यांनी नापास केली होती. दीपगृहाजवळचं, कारण तिथे काल-परवा पैसा पाहिलेली माणसं राहतात. आणि बंदरामागच्या गल्लीतलं, कारण तिथे माणसं दारात बसतात.

"घर आहे की धर्मशाळा?" असं म्हणून ते तिथे गाडीतून उतरलेच नव्हते. ती उतरली होती. पायरीवर जाळी दुरुस्त करत बसलेल्या बायकांनी सरकून तिला जागा दिली. एकीने तर "धरा हो जरा," म्हणत जाळ्याचं टोक थेट तिच्या हातात दिलं. ती धरून बसली. मग हॉर्न वाजला. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा तर हात काढलाच नाही.

आता हे तिसरं घर, टेकडीवरचं. घराची मालकीण, एक म्हातारी विधवा, दिवाणखान्यात खुर्चीत बसली होती. ती उठली नाही. "बघा," एवढंच म्हणाली होती.

"फरशी जुनाट आहे," साहेब म्हणाले.

"आहे," म्हातारी म्हणाली.

"खिडक्यांचे गज गंजलेत."

"समुद्राची हवा आहे. माणूसही गंजतं."

बरोबर आलेला दलाल घाईघाईने हसला. "काकू गमतीशीर आहेत, साहेब. या, गॅलरी बघा. अशी गॅलरी अख्ख्या गावात नाही." साहेब गॅलरीत गेले. समुद्र समोर पसरलेला होता. त्यांनी कमरेवर हात ठेवले आणि त्याची तपासणी सुरू केली.

बायको स्वयंपाकघरात आली. पाठोपाठ भिंतीला धरत म्हातारीही आली. ओट्यासमोरच्या खिडकीतूनही समुद्र दिसत होता, फक्त काचेवर मिठाचा थर बसल्यामुळे तो दुधाळ, आजारी वाटत होता.

"पुसत नाही मी," म्हातारी म्हणाली. "पुसून काय दिसणार? तेच पाणी."

"शेजार कसा आहे?"

"शेजार?" म्हातारीने ओठ मुडपले. "डावीकडचे सुट्टीत येतात. उजवीकडचे येतही नाहीत, त्यांचा फक्त कुत्रा राहतो. मागे मी मोरीत पडले, तेव्हा तोच भुंकला."

गॅलरीतून साहेबांचा आवाज आला. "कोणी कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. याला म्हणतात वस्ती!"

म्हातारीने एकवार गॅलरीकडे आणि मग हिच्याकडे पाहिलं.

"आमचेही असेच होते," ती म्हणाली. "हे घर त्यांनीच निवडलं. समुद्र दिसतो म्हणून. पाहुणे आले की त्यांना असा दाखवायचे, जणू स्वतः खणलाय. मग पाहुणे येईनासे झाले, तेव्हा मला दाखवायला लागले."

हिला हसू फुटलं. पदर तोंडाला लावूनही ते थांबेना. किती दिवसांनी असं झालं, तिला आठवेना.

"मग आता कुठे जाणार तुम्ही? मुलाकडे?"

"छे! तो त्याच्या बापासारखा आहे. खाली बंदरामागे गल्ली आहे ना, तिथे एक खोली घेतलीय. दाराला दार लागून आहे. कोणाची भाजी करपली तरी सगळ्यांना कळतं."

हिने पदर खाली सोडला. ओट्याच्या कडेवरून उगाच बोट फिरवलं. बोटाला मीठ लागलं.

"तिथे आणखी एखादी खोली आहे का?"

"माझ्या शेजारची आहे. पण लहान आहे, बाई. एका माणसापुरतीच."

"एका माणसापुरतीच विचारतेय," ती म्हणाली. आवाज कापेल असं तिला वाटलं होतं. कापला नाही. "शाळेत शिकवत होते मी. माझं माझं पेन्शन येतं."

म्हातारीने कोपऱ्यातलं स्टूल पायाने तिच्याकडे सरकवलं. ती बसली.

तेवढ्यात दारात साहेब उभे राहिले. समुद्र पसंत पडल्याचं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मागे दलाल हात चोळत होता.

"फरशी बदलावी लागेल," साहेब म्हणाले, "पण घ्यायला हरकत नाही. आजच विसार देऊन टाकू. काय गं? तुला काय वाटतं?"

असं ते नेहमी विचारायचे, सगळं ठरवून झाल्यावर.

"घ्या ना," ती स्टुलावरूनच म्हणाली. "तुम्ही घ्या."

"बघा, मी म्हटलं नव्हतं?" साहेब दलालाकडे वळले. "आमच्या घरात मतभेद म्हणून नाहीत."